सशाच्या डोळ्याविना डोळ्याची काळजी

प्रश्न : शाम्पूवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे छापलेले असते. मग तो डोळ्यांना किती झोंबेल, हे कसे ठरवतात?

उत्तर : १९४४ पासून रूढ असलेल्या ड्रेझ चाचणीत पदार्थ जिवंत सशाच्या डोळ्यात घालून लाली, सूज आणि व्रण पाहिले जात. ही पद्धत क्रूर होती. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ साली बंदी आली, हे योग्यच झाले.

आता एका पद्धतीत, मांसासाठी कापलेल्या जनावरांच्या डोळ्यांतील कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, प्रयोगशाळेत बसवतात. द्रव पदार्थ त्यावर दहा मिनिटे ठेवून धुतात; पडदा किती गढूळला हे त्यातून जाणाऱ्या प्रकाशावरून मोजतात, आणि नंतर फ्लुओरेसीन हा रंग ओतून तो किती झिरपला हेही पाहतात, कारण इजा झालेला पडदा रंग अडवू शकत नाही. दुसऱ्या पद्धतीत मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऊतीतील किती पेशी जगल्या, हे तपासतात. ६० टक्क्यांहून अधिक जगल्यास पदार्थाला डोळ्यांसाठी धोक्याची वर्गवारी लागत नाही.

मात्र इजा झालेला डोळा किती दिवसांत बरा होईल, हे सुट्या पडद्यावरून कळत नाही. म्हणूनच एकाच चाचणीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.