शटर आपोआप उघडतंय? बोर्ड बदलण्याआधी हे बघा

भाऊ, भुसावळच्या घरी गॅरेजचं मोटरवालं शटर रात्री आपोआप वर गेलेलं सापडतं आणि मेकॅनिक थेट बोर्ड (मोटर चालवणारं सर्किट) बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका. बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

पहिलं सांगा, पूर्ण बंद शटर उघडतं की बंद होता होता परत फिरतं? परत फिरत असेल तर सेन्सर बघा, म्हणजे मध्ये काही आलं की शटर परत फिरवणारे डोळे. काचेवर धूळ असते, जाळं असतं, नाहीतर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत शिरतं. पुसा, आडोसा लावा.

बंद शटर उघडत असेल तर मेन बंद करून भिंतीवरच्या बटणाच्या दोन्ही वायरी बोर्डातून सोडा आणि काही दिवस फक्त रिमोटवर चालवा. उघडणं थांबलं, तर दोष वायरीत किंवा बटणात. त्या दोन वायरी क्षणभर जुळल्या की बोर्ड समजतो बटण दाबलं. उंदराने कुरतडलेली वायर, खिळ्याखाली चेपलेली वायर, बटणाच्या डबीत गेलेलं पावसाचं पाणी, काहीही पुरतं. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे कूलर. बटणाची बारीक वायर आणि कूलरची 230 व्होल्टची लाइन बरेच वायरमन एकाच पाइपातून ओढतात. कूलर चालू-बंद होताना बसणारा झटका त्या लांब वायरीत उतरू शकतो. हा त्रास कूलर लावल्यापासूनच आहे का, आठवून बघा. तसं असेल तर बटणाला वेगळ्या पाइपातून शिल्डेड (वरून धातूची जाळी असलेली) वायर टाका.

वायरी सोडूनही उघडलं तर घरातल्या सगळ्या रिमोटचे सेल काढा. मे महिन्यात डॅशबोर्डवर पडलेल्या रिमोटचं रबरी बटण आत रुतून बसतं. तरीही उघडलं तर बाहेरचा रिमोट. 433 मेगाहर्ट्झचे जुने रिमोट ठरलेला एकच कोड पाठवतात. आतले आठ बारके स्विच दोनच स्थितींचे असतील तर कोड होतात फक्त 256, आणि बसवणारा ते बहुतेक वेळा हलवतच नाही. शेजारच्याने तसंच शटर बसवलं की त्याच्या बटणावर तुमचंही उघडणार. स्विच बदला. स्विच नसलेला, शिकवायचा रिसिव्हर (रिमोटचा कोड लक्षात ठेवणारा) असेल तर मेमरी पुसून आपले रिमोट नव्याने जोडा. नवीन घ्यायचाच असेल तर रोलिंग कोडचा घ्या, म्हणजे दर दाबाला कोड बदलणारा.

लाईट गेली-आली त्याच वेळी उघडतं का, हेही टिपा. लाईट आली की आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतातल्या मोटरीला आपण हौसेने ऑटो लावतो, पण शटरच्या बोर्डात तशी सेटिंग असेल तर ती बंद हवी.

एवढं करूनही उघडलं तर मेकॅनिक बरोबर. बोर्डातला रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटला असेल किंवा विजेच्या कडकडाटात बोर्ड गेला असेल.

तोवर रात्री मोटरचा मेन बंद ठेवा. मेन चालू ठेवून शटरला कुलूप मात्र लावू नका. मोटरने ओढलं तर पट्ट्या वाकतील आणि तो खर्च वेगळाच.