परस्पर की परस्परांना?

नागपूरच्या महाल भागात दहावीची शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. 'संत्रं आणि पृथ्वी परस्पर आकर्षित होतात' असं एका विद्यार्थ्याने लिहिलं. हे चालेल, की 'परस्परांना आकर्षित करतात' असंच हवं?

ताई, दुसरंच हवं. क्रियापदाआधी नुसतं 'परस्पर' आलं की मराठी माणूस वेगळंच ऐकतो. 'त्याने जमीन परस्पर विकली' म्हणजे घरच्यांना न विचारता विकली. विभक्ती लागली, परस्परांना, परस्परांवर, की 'एकमेकांना' हा अर्थ पक्का होतो. 'परस्परसंबंध'सारख्या समासातही तो टिकतो. शिवाय 'आकर्षित होतात' म्हटलं की ओढतंय कोण, हे वाक्यातून निघूनच जातं. इथे तर सगळं महत्त्व त्यालाच आहे, कारण दोघंही कर्ते आहेत आणि दोघंही कर्म.

'पृथ्वी संत्र्याला ओढते' हे रोजचं वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यातून मोठा ओढतो आणि लहान ओढला जातो, अशी मुलांची समजूत होते. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमात दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार आहे. गुणाकारात आधी कोण, नंतर कोण, याने काही बदलत नाही. १५० ग्रॅमच्या संत्र्याला पृथ्वी सुमारे १.५ न्यूटन बलाने ओढते आणि संत्रंही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतं. फरक पडतो तो हालचालीत, कारण त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. काटोलच्या बागेत दोन मीटरवरून संत्रं पडतं, तेव्हा पृथ्वीही वर सरकते, पण प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजार कोटींव्या भागाइतकीच.

चंद्राचं उदाहरण द्याल तर हे मुलांना जास्त पटेल. तो पृथ्वीच्या सुमारे १/८१ वस्तुमानाचा. त्याच्या ओढीने पृथ्वीही फिरते. दोघांचा सामाईक केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच येतो.

आणखी एक सुचवतो. 'दोघांवर सारखं बल असतं' असं फळ्यावर लिहू नका. 'सारखं'चा अर्थ 'सतत' असाही होतो. तेही खरं आहे, पण सांगायचं ते नाही. 'समान' लिहा.

बोलताना मात्र आपली वऱ्हाडी-नागपुरी क्रियापदं बिनधास्त वापरा. 'संत्रं अन् पृथ्वी एकमेकांना ओढून राहिले' हे मला फार नेमकं वाटतं. संत्रं फांदीला लटकलेलं असो की जमिनीवर पडलेलं, ओढणं थांबत नाही, आणि ते चालू असणं 'ओढून राहिले'मध्ये आपोआप येतं. उत्तरपत्रिकेत 'संत्रं आणि पृथ्वी परस्परांना समान बलाने आकर्षित करतात' एवढं लिहून घ्या.