शेअर संशोधनाच्या अ‍ॅपची वर्गणी भरावी का?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय 46, तंत्रनिकेतनात अध्यापन, दोन डीमॅट खाती: एक बँकेकडचे जुने, दुसरे डिस्काउंट ब्रोकरकडचे. दोन्ही मिळून 31 कंपन्यांचे शेअर आहेत, आजची किंमत साधारण 18 लाख रुपये आणि दरमहा 15,000 रुपयांची नवी खरेदी. यातले काही शेअर 2021 मध्ये वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने त्यांच्याकडे आले. अ‍ॅपवर एकूण नफा 64 टक्के दिसतो. आता एका संशोधनाच्या आणि एका पोर्टफोलिओ (आपल्या सगळ्या शेअरचा एकत्रित हिशेब) सांभाळण्याच्या सेवेची मिळून वर्षाला 12,000 रुपयांची वर्गणी भरावी असे त्यांच्या मनात आहे, आणि स्क्रीनर, ट्रेंडलाइन, टिकरटेप, व्हॅल्यू रिसर्च या माहिती देणाऱ्या साधनांपैकी कोणते घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, कोणते घ्यावे हे मी पुढे सांगतोच, पण त्याआधी तुमच्या त्या 64 टक्क्यांबद्दल बोलावे लागेल, कारण वर्गणीचा निर्णय त्या आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा तुम्हाला जे सांगतो असे वाटते ते तो सांगत नाही. अ‍ॅपने तुमची आजवरची गुंतवणूक साधारण 11 लाख धरली आहे आणि आजच्या 18 लाखांतून ती वजा करून नफा काढला आहे. त्यात काळाचा हिशेब कुठेच नाही. समजा, ते 11 लाख नऊ वर्षांपूर्वी एकदम गुंतवले असते, तर 64 टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के होतात, म्हणजे पीपीएफवर एप्रिल 2020 पासून मिळत असलेल्या 7.1 टक्क्यांपेक्षाही कमी. तेच पैसे सरासरी चारच वर्षे गुंतलेले असतील, तर हाच नफा वर्षाला 13 टक्क्यांच्या वर जातो. तुम्ही दरमहा थोडे थोडे घालत आला आहात, त्यामुळे खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल. ते काढण्यासाठी प्रत्येक खरेदी, विक्री आणि लाभांश तारखेसह मांडून एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून येणारा वार्षिक परताव्याचा दर, काढावा लागतो. पुष्कळ अ‍ॅप पहिल्या पडद्यावर हा दर दाखवत नाहीत, आणि जी दाखवतात त्यांच्याकडेही तुमच्या जुन्या तारखा नसतात.

जुन्या तारखांचा घोळ किती खोल जातो हे तुमच्याच पत्रातल्या एका ओळीवरून दिसते. वडिलांनी 2012 मध्ये एचडीएफसी लिमिटेडचे 50 शेअर घेतले होते, असे तुम्ही लिहिले आहे. 1 जुलै 2023 पासून ती कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि प्रत्येक 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर मिळाले, म्हणजे तुमच्या 50 चे 84 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये बँकेने एकास एक बोनस दिला, तेव्हा 84 चे 168 झाले. आता अ‍ॅप डीमॅट खात्यातून फक्त आजची शिल्लक वाचते. त्याला हे 168 शेअर दिसतात, पण पैसे देऊन ते घेतल्याची नोंद कुठेच सापडत नाही. मग काही सेवा खरेदीची किंमत शून्य धरतात आणि 168 शेअरची आजची सगळी किंमत नफ्यात मोजतात, काही वारसाहक्काने शेअर खात्यात आले त्या दिवसाचा भाव लावतात, तर काही ती जागा रिकामी ठेवून किंमत तुम्हालाच भरायला सांगतात. कराच्या दृष्टीने मात्र वडिलांची खरेदीची तारीख आणि त्यांनी मोजलेली किंमतच धरली जाते. त्यावर 31 जानेवारी 2018 च्या बाजारभावाची सवलत (त्याआधी घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा भाव खरेदीची किंमत म्हणून धरू देणारी) विलीनीकरणानंतर कशी लावायची, हे विक्रीच्या आधी सीएकडून लेखी घ्या. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यापुढे साडेबारा टक्के आहे, त्यामुळे किंमत शून्य धरली गेली तर चुकीचा आकडा थेट विवरणपत्रापर्यंत पोचू शकतो.

रिलायन्सचे शेअर तुमच्याकडे असतील तर तिथेही हेच तपासा. जुलै 2023 मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा मूळ खरेदीच्या किमतीपैकी 4.68 टक्के हिस्सा नव्या शेअरकडे आणि उरलेला 95.32 टक्के रिलायन्सकडे, अशी विभागणी कंपनीने जाहीर केली होती. ही विभागणी आपोआप करणारे साधन मिळाले, तर त्या साधनाविषयी माझे मत निश्चितच चांगले होते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पोर्टफोलिओ सांभाळण्यासाठी आज एक रुपयाही देऊ नका. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी (डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थांपैकी) एकीकडून पॅनच्या आधारे एकत्रित खातेपत्रक येते. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि व्यवहारच नसतील तर सहा महिन्यांतून एकदा. तुमची दोन्ही डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड त्यात एकाच जागी दिसतात. ज्या खात्यात दुसऱ्या कुणाचे संयुक्त नाव आहे, त्याचे पत्रक मात्र वेगळे येईल. हे पत्रक समोर ठेवून गूगल शीट्समध्ये स्वतःची वही उघडा: तारीख, कंपनी, संख्या, भाव, दलाली आणि कर, आणि लाभांशासाठी वेगळा रकाना. आजचा भाव त्यातल्या गूगलफायनान्सच्या सूत्राने आपोआप येतो, थोडा उशिरा येतो, पण तुमच्यासारख्या गुंतवणूकदाराला वीस मिनिटांच्या उशिराने काहीही बिघडत नाही. एक्सआयआरआरचे सूत्रही तिथेच आहे. 31 कंपन्यांसाठी हे काम दोन-तीन रविवारांचे आहे. ते कंटाळवाणे आहे हे मी नाकारत नाही, पण माझ्या अनुभवात ज्यांनी हे स्वतःच्या हाताने एकदा केले, त्यांना पुढे कोणत्या कंपन्या उगाच बाळगल्या आहेत हे कुणी सांगावे लागले नाही.

वही स्वतःची असावी, यामागे आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये गूगल फायनान्सने आपल्या संकेतस्थळावरची पोर्टफोलिओची सोय बंद केली आणि वर्षानुवर्षे तिथे नोंदी ठेवणाऱ्यांना त्या उतरवून घेण्यासाठी धावपळ करावी लागली. पुढे ती सोय नव्या रूपात परत आली, ही गोष्ट वेगळी. कोणत्याही सेवेत नोंदी ठेवा, पण सगळे व्यवहार एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात की नाही हे आधी पाहा. ज्या अ‍ॅपला तुमच्या ईमेलमध्ये शिरून पत्रके वाचण्याची किंवा मोबाईलवरचे सगळे संदेश पाहण्याची परवानगी हवी असते, त्याला ती देण्याआधी दोनदा विचार करा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखालील अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची (तुमच्या संमतीने आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे पोचवणाऱ्या मध्यस्थाची) व्यवस्था त्यापेक्षा बरी, कारण कोणती माहिती, किती काळासाठी, कुणाला, हे संमतीत लिहिलेले असते आणि ती संमती मागे घेता येते.

आता संशोधनाच्या साधनांकडे येतो. तुमच्यासाठी मी स्क्रीनर सर्वांत वर ठेवीन, आणि तेही विनामूल्य खाते. एका पानावर दहा वर्षांचे नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, रोख प्रवाह, त्याच व्यवसायातल्या इतर कंपन्या, वार्षिक अहवाल आणि व्यवस्थापनाच्या तिमाही चर्चेच्या नोंदी मिळतात; आणि मुख्य म्हणजे शेअर घ्या की विका हे ते सांगत नाही. ट्रेंडलाइन प्रत्येक कंपनीला टिकाऊपणा, मूल्यांकन आणि गती असे तीन गुण देते आणि दलालांच्या अहवालांतले लक्ष्यभाव एकत्र करते. टिकरटेपची मांडणी नव्या माणसाला सोपी जाते. व्हॅल्यू रिसर्चची खरी ताकद म्युच्युअल फंडांत आहे. तयार गुण आणि रंगीत पट्ट्या वाईट नाहीत, पण त्या पाहून माणूस वार्षिक अहवाल उघडायचे सोडून देतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि मला त्याची खरोखर चिंता वाटते.

एकाच कंपनीचे पीई गुणोत्तर (शेअरचा भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) दोन संकेतस्थळांवर वेगळे दिसले तर घाबरू नका, मात्र कारण शोधा. बहुधा एकाने मूळ कंपनीचा स्वतंत्र नफा धरलेला असतो आणि दुसऱ्याने उपकंपन्यांसह एकत्रित नफा. खुद्द एनएसई या शेअर बाजाराने मार्च 2021 च्या अखेरीस आपल्या निफ्टी निर्देशांकाचे पीई एकत्रित नफ्यावर मोजायला सुरुवात केली, तेव्हा बाजार फारसा हललेला नसताना हा आकडा 40 च्या आसपासवरून 33 च्या आसपास आला होता. तसेच, जमीन किंवा कारखाना विकून एका वर्षी मोठे इतर उत्पन्न आले की त्या कंपनीचे पीई स्वस्त दिसते आणि चाळणीत (अटी लावून कंपन्या शोधण्याच्या सोयीत) ती सर्वांत आधी वर येते. कर्ज कमी असलेल्या कंपन्या शोधण्याची अट लावली तर सगळ्या बँका बाहेर फेकल्या जातात, कारण ठेवी घेणे हाच त्यांचा धंदा आहे आणि ठेवी हिशेबात कर्जासारख्याच धरल्या जातात. चाळणी लावणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते. वर्गणी भरल्याने ते येत नाही.

शिवाय मूळ माहिती फुकटच असते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार तिमाहीचे निकाल 45 दिवसांत, वार्षिक निकाल 60 दिवसांत आणि भागधारकांची रचना 21 दिवसांत एक्सचेंजकडे द्यावी लागते. एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर ती सर्वांना दिसते. सशुल्क सेवा तीच माहिती नीट मांडून देतात. जी सेवा अमुक शेअर घ्या असे सांगते, तिची संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी सेबीच्या यादीत आहे की नाही हे पैसे भरण्याआधी पाहून घ्या.

आता 12,000 रुपयांचे गणित. तुमच्या 18 लाखांवर ते वर्षाला 0.67 टक्के होतात; निफ्टीच्या इंडेक्स फंडाच्या (निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडाच्या) डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाविना घेतलेल्या, योजनेचा खर्च याच्या निम्म्याहूनही कमी असतो. नव्या खरेदीच्या 1,80,000 रुपयांवर पाहिले तर ही वर्गणी साडेसहा टक्क्यांहून जास्त पडते, आणि भांडवली नफ्यातून ती वजाही करता येत नाही. एवढा भार उचलायचा तर शेअर निवडण्याचे तुमचे कौशल्य आजवर फळले आहे याचा काहीतरी पुरावा हवा. तो वहीतूनच मिळेल: तुमचा एक्सआयआरआर काढा आणि तुम्ही त्याच तारखांना तेवढेच पैसे निफ्टी 500 च्या इंडेक्स फंडात घातले असते तर किती आला असता, हे शेजारच्या रकान्यात काढा. त्या जागी लाभांश धरलेला निर्देशांक घ्या, नुसत्या भावाचा नको.

या तुलनेत तुम्ही पुढे असाल आणि महिन्यातले चार-पाच तास अहवाल वाचण्यासाठी खरेच काढू शकत असाल, तर एकाच संशोधन सेवेची एका वर्षाची वर्गणी अवश्य घ्या, मात्र ती आपोआप पुढे चालू राहण्याची परवानगी कार्डावर देऊ नका. तुम्ही मागे असाल, तर दरमहाचे 15,000 इंडेक्स फंडाकडे वळवा आणि 31 पैकी ज्या कंपन्यांविषयी तुम्हाला चार वाक्येही सांगता येत नाहीत, त्या कराचा हिशेब सांभाळून दोन आर्थिक वर्षांत कमी करा.

वडिलांच्या 2012 च्या कॉन्ट्रॅक्ट नोटा (दलालाने दिलेल्या सौद्याच्या पावत्या) सापडत नसतील तर त्यांच्या जुन्या डीमॅट खात्याचे व्यवहारपत्रक बँकेकडे लेखी अर्ज करून मागवा. शेअर खात्यात जमा झाल्याची तारीख त्यात असेल. त्या काळी सौदा दोन कामकाजाच्या दिवसांनी पूर्ण होत असे, म्हणून कामकाजाचे दोन दिवस मागे जा आणि त्या दिवसाचा भाव एक्सचेंजच्या जुन्या भावनोंदींतून उतरवून घ्या. त्या नोंदीची प्रत आणि बँकेचे पत्रक एकाच फायलीत ठेवा. सीएला ते दोन्ही लागतील.