मैत्रिणीने दिलेलं पुस्तक

प्रश्न : बँकेतल्या माझ्या वसईच्या मैत्रिणीने नाताळात सी. एस. लुइस यांचं 'मिअर ख्रिश्चॅनिटी' हे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणारं पुस्तक भेट दिलं. आमचं घर माळकरी. सुरुवात आवडली, पण लेखक ज्या देव न मानणाऱ्या आधुनिक माणसाशी वाद घालतात, तो मला आसपास कुठेच दिसत नाही. हे पुस्तक माझ्यासाठी आहे का? अर्धवट सोडलं तर ती दुखावेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ताई, तो माणूस तुम्हाला दिसणार नाहीच. मुळात ही रेडिओवरची भाषणं. 1941 ते 1944 या युद्धाच्या काळात लुइस ती बीबीसीवर देत होते, 1952 मध्ये त्यांचं एकत्र पुस्तक झालं. चर्चला जायची सवय सुटलेला इंग्रज श्रोता त्यांच्या समोर होता. लुइस स्वतःही आधी नास्तिक होते, म्हणून तो वाद इतक्या पोटतिडकीने येतो.

आपल्याकडचं चित्र निराळं. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला जा. 1948 पासून तिथे नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना, चालतो, आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. बाहेर मेणाची घरं, हात, पाय, बाळं विकायला असतात. ज्याला जे हवं, ते तो वाहतो. मेणाचं घर घेऊन उभ्या असलेल्या बाईला देव आहे की नाही हा प्रश्नच नसतो, तिला खोली हवी असते. मी भायखळ्याच्या ख्रिस्ती घरातली, तरी मला वाटतं की या बाईशी लुइस फारसं बोलत नाहीत.

पण पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. ते भांडणापासून सुरू होतं : ही जागा माझी, मी आधी आले. लेडीज डब्यातली चौथी सीटच की! भांडणाऱ्या दोघींपैकी 'न्याय गेला खड्ड्यात' असं कोणीच म्हणत नाही. न्याय आपल्या बाजूने आहे, असंच दोघी सांगतात. मग दोघींना मान्य असलेला तो न्याय आला कुठून? लुइस यांचा सगळा डोलारा या प्रश्नावर उभा आहे, आणि तो तुमच्या-माझ्या रोजच्या प्रवासातला आहे. पुढे गर्वावरचं प्रकरण आहे, ते तर तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला अजिबात परकं वाटणार नाही. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक म्हणायचेच, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

जोडीला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढा. नवऱ्याने धर्म बदलल्यावर बायकोच्या जिवाची काय उलघाल झाली, हे त्यात आहे. लुइस धर्माबद्दल युक्तिवाद करतात, लक्ष्मीबाईंना तो निर्णय स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी सोसावा लागला.

वाचणं म्हणजे होकार देणं, ही धास्ती मनातून काढा. मैत्रिणीला सरळ सांगा की हे पटलं, हे नाही. त्रैक्यावरचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या कल्पनेवरचा, चौथा भाग जड जाईल, तो एकटीने वाचू नका. जेवणाच्या सुट्टीत तिलाच समजावून सांगायला लावा.