अमेरिकेत घरी मिनी पिग पाळावं का? नाहीच जमलं तर दुसऱ्या कुटुंबाला देता येतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण निर्णय तिथेच होतो. ‘नाहीच जमलं तर देऊन टाकू’ असं मनात धरून डुक्कर आणू नका. द्यायला जागा नसते. मी नॉर्थ कॅरोलिनात राहते आणि शनिवार-रविवारी डुकरांच्या एका आश्रयस्थानात कामाला जाते. पाणी भरायचं, पेंढा बदलायचा, खूर कापताना डुकराला धरून बसायचं, अशी कामं. तिथे येणारे बहुतेक फोन एकच विचारतात: आमचं डुक्कर घ्याल का? आणि बहुतेकांना नाही म्हणावं लागतं, कारण कुंपणाच्या आत आणखी एकालाही जागा नसते. कुत्र्यामांजरांची शेल्टर्स तर बऱ्याच ठिकाणी डुक्कर घेतच नाहीत.

तुम्ही लिहिलंय की ब्रीडर ३० पौंडांच्या वर जाणार नाही अशी हमी देतो आणि पिल्लाचे आईबापही दाखवतो. त्या दाखवण्याला काही अर्थ नाही. मादी चार महिन्यांच्या आसपास गाभण राहू शकते आणि डुकराची वाढ मात्र तीन ते पाच वर्षं चालू असते. म्हणजे तुमच्यासमोर उभे केलेले आईबाप स्वतःच अर्धवट वाढलेले असू शकतात. ‘टीकप’, ‘मायक्रो’ ही नावं जाहिरातीतली आहेत, त्या नावाची जात नाही. काही ब्रीडर सोबत खाण्याचा तक्ता देतात आणि बजावतात की याहून जास्त घातलंत तर मोठं होईल. ती सरळ उपासमार आहे. असा तक्ता पाळून वाढवलेली डुकरं आमच्याकडे येतात तेव्हा डोकं मोठं, अंग वाळलेलं, पाठीचा कणा वरून मोजता येईल असा. ती दिवसभर अन्न शोधत असतात, चिडकी झालेली असतात, आणि घरचे म्हणतात की स्वभाव बिघडला.

मिनी पिग म्हणून सहसा विकलं जातं ते पॉटबेली जातीचं डुक्कर पोटभर आणि नीट खात असेल तर साधारण १०० ते १५० पौंडांचं होतं, म्हणजे ४५ ते ७० किलो. काही त्याहूनही जास्त. उंची आपल्या गुडघ्याएवढीच, पण अंग भरीव. शेतावरचं पूर्ण वाढलेलं डुक्कर ६०० पौंडांच्या पुढे जातं, त्याच्या मानाने हे लहान, एवढंच. व्हिएतनामी वंशाची ही डुकरं १९८०च्या दशकाच्या मध्यात कॅनडामार्गे इकडे आली, आधी प्राणिसंग्रहालयांसाठी आणि मग हौशी घरांत. हॉलिवूड अभिनेता जॉर्ज क्लूनीने पाळलेला मॅक्स त्यांतलाच. तो २००६ साली गेला तेव्हा १८ वर्षांचा होता. आयुष्य १५ ते २० वर्षं धरायचं. तुमची मुलगी आज नऊ वर्षांची आहे. ती कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, तेव्हाही हे डुक्कर तुमच्याच दारात असेल.

कॅनडातल्या ओंटारिओत एका जोडप्याने २०१२ साली मायक्रो पिग समजून एस्थर नावाचं पिल्लू घेतलं. ते निघालं मांसासाठी वाढवतात त्या जातीचं आणि झालं ६५० पौंडांचं. त्यांनी तिला सोडलं नाही. घर बदललं, शेत घेतलं, तिथे प्राण्यांसाठी आश्रयस्थान काढलं. २०२३ मध्ये एस्थर गेली. त्या दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हे करायची ऐपत किती कुटुंबांची असते?

डुकरं परत केली जातात ती फक्त आकारामुळे नाही. डुक्कर कळपात राहणारा प्राणी आहे आणि कळपात कोण वर, कोण खाली हे ते सतत तपासत असतं. पिल्लूपण संपलं की घरातही तेच सुरू होतं. ते मोठ्यांना सहसा काही करत नाही, पण लहान मुलं आणि पाहुणे यांच्यावर डोकं हाणतं, मुसंडी मारतं, कधी चावतं. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी घरी येतील तेव्हा काय, याचा विचार आत्ताच करा. एकटं डुक्कर आणि दिवसभर बंद घर असेल तर हे हमखास होतं. शिवाय नाकाने उकरणं ही त्याची भूकच आहे. उकरायला माती मिळाली नाही तर ते कार्पेट उपसतं, भिंतीचं प्लास्टर उकरतं. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरून सांधे दुखावतात. जिना तर नकोच. आणि उचलून मांडीवर घेण्याची हौस असेल तर तीही विसरा. पाय जमिनीवरून सुटले की शिकाऱ्याने धरल्यासारखं वाटून ते जिवाच्या आकांताने किंचाळतं.

इतकं सांगूनही मी म्हणेन की यांच्यासारखं जनावर नाही. नाव लगेच ओळखतात, थोड्या शेंगदाण्यांवर ‘बस’ शिकतात, ठरल्या जागीच लघवी करायला शिकतात. पोट खाजवलं की धपकन आडवी होतात आणि घशातल्या घशात बोलत राहतात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मादीला फाटकाची कडी उघडता येते. ती उघडते, बाहेर न जाता आमच्याकडे बघते आणि उभी राहते. असल्या हुशार जिवाला अपार्टमेंटच्या बाल्कनीत ठेवणं मला सहन होत नाही.

घरच्या खाण्याबद्दल विचारलंत. डुकराला काहीही चालतं हा समज घेऊन आपल्याकडची माणसं उरलंसुरलं घालतात. मिनी पिगसाठीच्या गोळ्या, हिरवा पाला आणि चरायला गवत, एवढंच ठेवा. शेतावरच्या डुकरांचं खाद्य नको, ते झटपट वजन वाढवायला बनवलेलं असतं. चरबी इतकी चढते की डोळ्यांवर वळ्या येऊन दिसेनासं होतं. फरसाण, पापड, लोणचं तर अजिबात नको. पोटात मीठ जास्त गेलं आणि पाणी कमी पडलं तर मेंदूला सूज येऊन डुक्कर दगावतं. हिवाळ्यात पाण्याची घमेली गोठतात तेव्हा आम्ही यालाच सगळ्यात जास्त घाबरतो.

आई-वडील पुण्याहून येणार आहेत आणि स्वाइन फ्लूला घाबरतायत, असंही तुम्ही लिहिलंय. २००९ साली भारतातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, त्यामुळे भीती समजते. तो फैलाव माणसाकडून माणसाला होत होता. पण फ्लू डुकरांकडून माणसांना आणि माणसांकडून डुकरांना, दोन्हीकडे जाऊ शकतो हे खरं आहे. म्हणून घरात कुणाला ताप-खोकला असेल तर त्याने डुकरापासून लांब राहायचं, डुक्कर शिंकत असेल तर आजी-आजोबांनी. हात धुणं आहेच.

आणण्याआधी दोन फोन करा. पहिला शहराच्या झोनिंग ऑफिसला, म्हणजे कुठल्या जागेत काय चालतं हे ठरवणाऱ्या कचेरीला. पुष्कळ शहरांच्या लेखी डुक्कर म्हणजे शेतावरचं जनावर, पाळीव प्राणी नव्हे, आणि एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा, नियम वेगळाच असतो. शेजाऱ्याची एक तक्रार आली की थोड्या दिवसांत डुक्कर हलवा म्हणून नोटीस येते. आमच्याकडचे निम्मे रडवेले फोन याचेच असतात. दुसरा फोन व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला. नेहमीचे व्हेट डुक्कर बघत नाहीत, आणि कायद्याने ते खाण्याचं जनावर असल्यामुळे काही औषधं पाळीव डुकरालाही देता येत नाहीत. जवळ डुकराचा व्हेट नसेल तर विषय तिथेच थांबवा. मादीचं अंडाशय आणि गर्भाशय काढावंच लागतं. नाहीतर ती दर तीन आठवड्यांनी माजावर येऊन सैरभैर होते आणि उतारवयात गर्भाशयात गाठी होण्याचा धोका मोठा असतो. नर खच्ची न केलेला असेल तर त्याचा वास घरात सहन होणार नाही.

हे सगळं जुळलं आणि बॅकयार्डला भक्कम कुंपण असलं, तर पिल्लू विकत घेऊ नका. आश्रयस्थानातून पाच-सहा वर्षांची, एकमेकांना सरावलेली जोडी घ्या. वजन किती होणार हा प्रश्नच उरत नाही, ते समोर दिसतं. स्वभाव तिथल्या माणसांना माहीत असतो, ऑपरेशन झालेलं असतं. मुलीला घेऊन आधी काही रविवार तिथे काम करा. घाण उपसूनही तिचा उत्साह टिकला तर पुढचं बोला.

आणि कधी खरंच द्यायची वेळ आली, कुणाचं आजारपण, कुणाची बदली, तर ‘फुकट द्यायचं आहे’ अशी जाहिरात टाकू नका. फुकटचं डुक्कर कापायला नेणारे लोक त्या जाहिराती बघत असतात. थोडे पैसे मागा, समोरच्याच्या व्हेटशी बोला, कुंपण स्वतः जाऊन बघा, आणि जमलं नाही तर तुमच्याकडेच परत येईल असं लिहून घ्या. जोडी असेल तर तोडू नका. दुसऱ्या राज्यात पाठवायचं असेल तर साधारणपणे व्हेटचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि बऱ्याच राज्यांत रक्ताच्या तपासण्याही, तेव्हा हाताशी काही आठवडे ठेवा. रानात मात्र सोडू नका. एक तर ते उपाशी मरेल, नाहीतर रानडुकरांत मिसळेल, आणि त्यांनी इथल्या शेतकऱ्यांना आधीच जेरीला आणलंय.

तुमचं शहर कोणतं ते कमेंटमध्ये लिहा. जवळपास डुकरं बघणारे व्हेट आणि आश्रयस्थानं कोणती आहेत ते आमच्याकडे विचारून कळवते.