'मुलं समुद्रावर असतील, म्हणून त्यांची काळजी नाही'

स्विंडनहून एका सूनबाईचं पत्र आलंय. सासू-सासरे कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेत. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र पाच वर्षांपूर्वी बायकोमुलांसह वेल्समध्ये पेम्ब्रोकशरला, टेन्बीजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिलाय. त्यानं सगळ्यांना आठ दिवस बोलावलंय, आणि राखी पौर्णिमा त्याच आठ दिवसांत येते.

पत्रात तिनं काळज्या नीट आकडे घालून लिहिल्यात. आईंना चालवेल का? बाबांना करमेल का? श्रावण असल्यामुळं जेवणाचं काय? यजमानांना काय न्यावं? अरुंद रस्त्यावर गाडी कशी चालवायची? आणि मग शेवटी, जाता जाता, हे वाक्य: "मुलांचं एक बरं आहे काकू, समुद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे, ती दिवसभर तिथंच खेळतील, म्हणून त्यांची काळजी नाही."

अगं, तू पाच काळज्या लिहिल्यास, आणि खरी काळजी जिथं करायची तिथं हुश्श म्हणालीस. रागावत नाही. तू दमली आहेस हे पत्रातल्या ओळीओळीत दिसतंय. नोकरी, दोन मुलं, घरात मोठी माणसं, आणि आता आठ दिवस कुणाच्या तरी घरी सहा जणांचा मुक्काम. मुलं आपली आपण रमतील या कल्पनेनं जीव हलका होतो, हे मी अठ्ठावीस वर्षं तिकडं राहून पुरतं जाणते. पण ही एक गोष्ट मला सोडता येत नाही. या सदराचे जुने वाचक म्हणतील, काकूंचं भरती-ओहोटीचं पुन्हा सुरू झालं. झालं, आणि जोवर अशी पत्रं येतात तोवर होत राहील.

आपण घाटावरची माणसं. आपलं पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. समुद्र भेटतो तो गगनबावड्यानं किंवा आंबा घाटानं खाली उतरून, वर्षातून दोन दिवस. मालवण-वेंगुर्ल्याकडं उधाणालासुद्धा पाणी दोन-अडीच मीटर वरखाली होतं, आणि तेवढ्या फरकानं पुळण कुठं गायब होत नाही. त्यामुळं समुद्र जिथं सकाळी पाहिला तिथंच तो संध्याकाळी असणार, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. टेन्बीला असं नाही. तिथून पुढं ब्रिस्टल चॅनेल नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं आणि अटलांटिकचं पाणी त्यात कोंडून वर चढतं. टेन्बीला उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरती आणि ओहोटीत साडेसात मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे, तो तीन-साडेतीन मीटरवर येतो.

साडेसात मीटर म्हणजे हिशेबाला चोवीस फूट धर. सहा तासांत हे पाणी चढतं, पण सारख्या वेगानं नाही. कोळी आणि नावाडी जगभर बाराव्या हिश्श्याचा हिशेब वापरतात: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चोवीस फुटांचे हिस्से केले की पाणी पहिल्या तासात दोन फूट चढतं, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात सहा, चौथ्यात पुन्हा सहा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे तू माहेरी असताना पाठ केलेलं असणार. त्या चार फुटांसाठी आपण २०१९ ला आणि २०२१ ला रात्ररात्र जागलो. तिथं तेवढं पाणी दुसऱ्या एका तासात चढतं, तेही उधाणाच्या दिवसांत रोज दोनदा, ढग नसताना, लखलखीत उन्हात.

फसगत होते ती पहिल्या तासामुळं. पाणी हळू येतंय असं वाटतं, मुलं वाळूचा किल्ला जरा मागं सरकवतात, मोठी माणसं आणखी एक चहा ओततात. पुळण सपाट असली, म्हणजे पन्नास फुटांना एक फूट उतार असला, तर तिसऱ्या तासात पाण्याची कड तीनशे फूट आत येते. शिवाय वाळू कधी एकसारखी नसते. मध्ये उंचवटे आणि किनाऱ्याच्या बाजूला खोलगट पन्हळी असतात. पाणी आधी त्या पन्हळीत शिरतं. तुम्ही समुद्राकडं तोंड करून बसलेले असता आणि पाठीमागं गुडघाभर, मग कमरेएवढं पाणी झालेलं असतं. दुसरा सापळा डोंगरकड्याच्या टोकाला. ओहोटीला टोकाला वळसा घालून शेजारच्या छोट्या पुळणीत जाता येतं. तिथं शंख-शिंपले छान असतात, गर्दी नसते. पण पाणी चढताना सगळ्यात आधी ते टोक बुडतं आणि मागं सरळसोट कडा उरतो.

आता तुमच्या पौर्णिमेचं बघ. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला सव्वा अकराला. बाबांना हा हिशेब माहीत असेल तर तो ते तिकडंही लावतील. त्यांना आधीच सांग, तो तिथं चालत नाही. चंद्र तोच असला तरी प्रत्येक बंदराला भरती पोहोचायचा उशीर वेगळा असतो. टेन्बीला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती घड्याळात सकाळी सात-आठला असते आणि पूर्ण ओहोटी दुपारी एक-दोनला. म्हणजे जेवणं उरकून तुम्ही पुळणीवर उतराल तेव्हा ती सगळ्यात मोठी, कोरडी आणि मोहात पाडणारी असेल, आणि तिथून पुढं पाणी फक्त वाढत जाईल. साडेतीन ते साडेपाच हा चढाचा सगळ्यात जोराचा वेळ. मुलं नेमकी तेव्हाच लांब गेलेली असतात. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून राखी झाली आणि सुटलो असंही समजू नकोस. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर आज जाऊ नये.

टेन्बीला कॅसल बीचसमोर सेंट कॅथरिन्स नावाचं बेट आहे, वर किल्ला. ओहोटीला वाळूतून चालत त्याच्या पायथ्याशी जाता येतं. किल्ला दिसला की आपली माणसं थांबत नाहीत, म्हणून नाव घेऊन सांगते. पाणी चढू लागलं की ती वाळूची वाट बंद होते. तिकडूनच पूर्वेला गॉवरमध्ये वर्म्स हेड आहे. तिथं पूर्ण ओहोटीच्या अडीच तास आधीपासून अडीच तास नंतरपर्यंतच खडकातून ये-जा करायची असा नियम आहे, आणि तो पाळायचाच.

करायचं काय ते ऐक. पोहोचल्या दिवशी गावातल्या दुकानातून किंवा बंदरावरून भरतीच्या वेळांची छोटी पुस्तिका घे. मोबाईलवरही मिळतात, पण खाडीत रेंज जाते. पुस्तिका ग्रीनिच वेळेत आहे की उन्हाळी घड्याळाच्या, हे पहिल्या पानावर बघ. ग्रीनिच असेल तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास मिळवावा लागतो. या तासाचा घोटाळा साधा नाही. ओहोटी दोनला आहे आणि तुम्ही एक समजलात, तर फार तर लवकर परताल. पण आधीच तास मिळवलेल्या पुस्तिकेत पुन्हा तास मिळवलात, तर अख्खा एक तास उशिरा निघाल. मीटरचे आकडेही तुमच्या पायाखालच्या वाळूची खोली सांगत नाहीत. ते नकाशाच्या ठरलेल्या पातळीपासून मोजलेले असतात. तुझ्या कामाचा आकडा म्हणजे भरती आणि ओहोटीच्या मीटरमधला फरक. तो सहा मीटरच्या पुढं असेल तर उधाण समज. त्यात हवेचा दाब उतरलेला असला आणि वारा समुद्राकडून असला, तर पाणी पुस्तिकेपेक्षा वर येतं.

मग रोज सकाळी त्या दिवसाची ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरात लिहून यजमानांच्या फ्रिजवर लाव. माझ्या मुलीच्या वेल्समधल्या घरी असा कागद बारा महिने असतो, आणि तिची दोन्ही मुलं वाचायला शिकण्याआधी ती वेळ विचारायला शिकली. पुळणीवर उतरायचं ते ओहोटीच्या दोन-तीन तास आधी, पाणी मागं जात असताना. ओहोटीच्या वेळेचा गजर लाव. तो वाजला की सगळ्यांनी पायऱ्यांच्या किंवा रस्त्याच्या बाजूला यायचं, टोकापलीकडं कुणी राहायचं नाही. आणि एक मोठा माणूस ठरवून ठेव, ज्याच्या हातात त्या तासाला मोबाईल नसेल. "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही, हे आपल्या लग्नघरांत कितीदा दिसतं.

पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. तिथं आरएनएलआय या १८२४ सालापासूनच्या संस्थेचे जीवरक्षक असतात, हंगामात साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. खाडीतल्या लहान पुळणींवर ते नसतात. काळे-पांढरे चौकडीचे झेंडे सर्फिंगच्या फळीवाल्यांसाठी, लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाय नाही. ऑगस्टमध्येही पाणी सोळा-सतरा अंशांच्या वर क्वचित जातं. मुलांना वेटसूट भाड्यानं घे, आणि ओठ निळसर दिसायची वाट न बघता वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर काढ. हवा भरलेले हंस-मगर घरीच ठेव, जमिनीकडून सुटलेला वारा त्यांना पाच मिनिटांत आवाक्याबाहेर नेतो. कुणी अडकलंच तर कड्यावर चढू देऊ नकोस. ९९९ लावून 'कोस्टगार्ड' माग. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाच्या जाळ्यावरून तो फोन लागतो.

आईंना पाण्यात पाय बुडवून चालायची हौस आहे, असं तू लिहिलंस. चालू दे, पण अनवाणी नको. ओहोटीच्या वाळूत वीव्हर नावाचा बोटाएवढा मासा दडलेला असतो, त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. काटा लागला तर बर्फ लावायचा नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, चाळीस अंशांच्या आसपास, पाय निदान अर्धा तास ठेवायचा, कारण ते विष उष्णतेनं निकामी होतं. आणि कोल्हापुरी चपला खडकांवर अजिबात नकोत. शेवाळावर कातडं साबणासारखं सरकतं, खाऱ्या पाण्यानं चपलाही जातात. रबरी तळाचे पाण्यातले बूट घे.

बाकीचं थोडक्यात. बाबांना करमण्याची चिंता तू उगीच करतेस. पेम्ब्रोकशर दुधाचा मुलूख आहे. गोकुळला दूध घातलेल्या माणसाला गोठा दाखवला की भाषा आडवी येत नाही, फॅटचा आकडा दोघांनाही कळतो. फक्त शेतकऱ्याला आधी विचारा, आणि शेतातून जाताना फाटक जसं होतं तसंच ठेवा: उघडं तर उघडं, बंद तर बंद.

श्रावणाचं जेवण तुझं तू निभावशील. एकच सांगते, खेड्यातल्या घरांना बहुतेक सेप्टिक टँक असतो. आमटीचा कट, तळणीचं तेल, तूप सिंकमध्ये ओतू नकोस. थंडीत ते थिजून नळी तुंबते. कागदानं पुसून कचऱ्यात टाक. सहा जणांच्या आंघोळीही एकापाठोपाठ नकोत, टाकीला उसंत लागते.

भेट म्हणून मिठाईऐवजी घरचा कांदा-लसूण मसाला ने. तो तिकडं मिळत नाही, आणि मित्राच्या बायकोचे डोळे भरून येतील. रस्त्याचं म्हणशील तर समोरून गाडी आली की बाजू द्यायला मधे मधे केलेली रुंद जागा बघ: ती डावीकडं असेल तर तिथं शिर, उजवीकडं असेल तर तिच्या समोर थांब. ती जागा ज्याच्या मागं जवळ असेल त्यानं गाडी मागं घ्यायची, आणि हात वर करून आभार मानायचे. कॅल्डी बेटावर साधूंचा मठ बघायला जाणार असाल तर रविवार धरू नका, त्या दिवशी बोटी नसतात. ओहोटीला बंदर कोरडं पडलं की बोट कॅसल बीचवरून सुटते, तेही आधी विचारून घ्या.

आईंना पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आहे, हे तू अगदी शेवटच्या कोपऱ्यात लिहिलंस. तो सकाळी वाहा, भरती पूर्ण झाली की. बंदराच्या भिंतीवरून, उतरत्या धक्क्यावरून नव्हे, तिथं हिरवं शेवाळ असतं. दोरा आणि पिशवी काढून घ्या. चढत्या पाण्यात टाकलेला नारळ तासाभरात पायाशी परत येतो. भरती टेकून पाणी उतरू लागल्यावर सोडला की तो बाहेर जातो.