जांभळ्या डोक्याचे पोपट कुणाचे?

प्रश्न : ज्वारी हुरड्यात आली की आमच्या रानात पोपटांचा थवा उतरतो. काहींची डोकी जांभळट गुलाबी, काहींची राखाडी. सासरे म्हणतात, कुणाच्या तरी पिंजऱ्यातले परदेशी पक्षी सुटलेत. खरं का?
– एक वाचक, भोर

उत्तर : सासऱ्यांना सांगा, हे अस्सल इथलेच. तोईपोपट. आणि दोन जातींचा मेळही नव्हे. जांभळं डोकं नराचं, त्याच्या खांद्यावर छोटा तांबूस ठिपकाही असतो. राखाडी डोकं आणि गळ्याभोवती पिवळी कड ती मादी. डोकंसुद्धा हिरवंच असेल तर ते यंदाचं पिल्लू समजा. खात्री करायची तर उडताना शेपटी बघा : लांब, निळसर, टोकाला पांढरी. मला मात्र थवा दिसण्याआधी ऐकूच येतो. नेहमीचा पोपट किंचाळतो, हे 'टुई टुई' करत जातात, बरेच गोड.

कणसं खाण्यापेक्षा नासवतातच जास्त, हे कबूल. गोफण फिरवा, डबे वाजवा, पण जाळं लावू नका. देशी पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. (आठवडी बाजारात तरी कोण ऐकतं म्हणा!) बांधावर ढोली असलेलं जुनं झाड असेल, तर उन्हाळा सरेपर्यंत तरी त्याला कुऱ्हाड लावू नका. त्यांची अंडी-पिल्लं तिथेच असतात.